ओहायो स्टेटचा ऑफेन्स मिशिगनसमोर १० गुणांवर का अडला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि ती दुपार पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. ३० नोव्हेंबर २०२४, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना, ओहायोतल्या कोलंबसची बोचरी थंडी, स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं, आणि शेवटी फलकावर मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. तुमचा मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठातच शिकतो, तुम्ही त्याच्याबरोबर हा सामना पाहिलात आणि आता विचारताय: एवढे नामांकित खेळाडू असलेला, सगळे ज्याला वीसेक गुणांनी जिंकणार म्हणत होते तो संघ, त्या हंगामात आधीच पाच सामने हरलेल्या मिशिगनसमोर, तेही घरच्या मैदानावर, फक्त १० गुण कसे करतो? उत्तरार्धात तर एकही नाही. पोरं दडपणाखाली आली का?

मी मूळचा सांगलीचा. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर ओहायोत आलो. अंगाने थोराड होतो म्हणून हायस्कूलच्या कोचने मला ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत, उभं केलं, आणि तिथून जो चिकटलो तो चिकटलोच. गेली बावीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना हीच लाइन शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर लाइनवाल्याचं उत्तर आहे. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) किंवा रिसीव्हर (पास झेलणारा) शिकवणारा माणूस कदाचित दुसरीकडून सुरुवात करेल, पण या सामन्यापुरतं मी ठामपणे सांगतो: दडपण होतं, नाही कसं, पण ओहायो स्टेट हरलं ते चेंडूच्या आजूबाजूच्या तीन-चार यार्डांत.

आधी हिशेब समजून घ्या, कारण हा खेळ मुळात माणसं मोजण्याचा आहे. दोन्हीकडे अकरा जण: चेंडू असलेला संघ म्हणजे ऑफेन्स, त्याला अडवणारा म्हणजे डिफेन्स. पण क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो आणि ज्याच्या हातात चेंडू आहे तो स्वतःसाठी ब्लॉक करू शकत नाही, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवू शकत नाही. म्हणजे धावण्याचा डाव खेळताना ऑफेन्सकडे वाट मोकळी करायला नऊच जण उरतात, समोर मात्र अकरा. त्या नवांपैकी तीन रिसीव्हर रुंद पसरून उभे. राहिले मधे सहा: लाइनचे पाच आणि त्यांच्या शेजारी उभा राहणारा एक टाइट एंड. आता डिफेन्सने काय करायचं? तीन रिसीव्हरांवर तीन माणसं लावली, दोन सेफ्टी, म्हणजे शेवटचे राखणदार, मागे खोल उभे केले, की त्यांच्याकडेही मधे सहाच उरतात. चार जण लाइनवर आणि त्यांच्या मागे दोन लाइनबॅकर. या मधल्या जागेला आम्ही बॉक्स म्हणतो.

सहाला सहा. कुठलाही कोच तुम्हाला सांगेल की बॉक्समध्ये सहाच दिसले तर धावा. प्रत्येकाने एकेक माणूस धरला की वाट मोकळी. डिफेन्सने घाबरून मागचा एक सेफ्टी बॉक्समध्ये आणला तर मग डोक्यावरून पास टाका, कारण आता मागे एकच राखणदार आहे. ऑफेन्सचं सगळं गणित या एका प्रश्नावर उभं असतं: तुझा सातवा माणूस तू पुढे आणणार की नाही?

मिशिगनला तो सातवा माणूस आणावाच लागला नाही.

कारण मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोघे मिशिगनचे डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे डिफेन्सच्या लाइनमधले मधले दोघे, दोघे मिळून पावणेतीनशे किलोंच्या पुढे. पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, ग्रॅहम पाचवा निवडला गेला आणि ग्रँट तेरावा. अशा माणसाला एकट्याने धरणं जवळजवळ अशक्य असतं, त्याच्यावर दोघे लावावे लागतात. आता पुन्हा मोजा. तुमच्या सहांपैकी चार जण या दोघांवर खर्च झाले. उरलेले दोघे कडेच्या दोन एंडना धरणार. मग मागच्या दोन लाइनबॅकरांना कोण धरणार? कोणी नाही. ते मोकळे येतात आणि धावणाऱ्याला दोन-तीन यार्डांत गाठतात. सहाला सहा दिसत होतं, पण प्रत्यक्षात ते सहाला आठ होतं.

त्या दिवशीचे आकडे हेच सांगतात. ओहायो स्टेटने २६ वेळा धाव घेतली आणि ७७ यार्ड मिळवले. कॉलेजच्या खेळात क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, की ते नुकसानही धावण्याच्या खात्यात मांडतात, ते धरून सरासरी तीन यार्डांच्याही आत. आणि धावणारे कोण? ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स, दोघेही पुढे ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत गेलेले. पाय कमी पडले नाहीत, पाय टाकायला जागा मिळाली नाही.

आता जे टीव्हीवर दिसत नाही, स्टेडियममधून तर नाहीच नाही, ते सांगतो. एका बलदंड टॅकलवर दोघांनी जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? समजा सेंटर, म्हणजे लाइनचा मधला माणूस, आणि त्याच्या शेजारचा डावा गार्ड. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की दोघांनी आतल्या पायाने पहिलं छोटं पाऊल टाकायचं, कमरेला कमर भिडवायची, खांद्याला खांदा, आणि चार पायांचा एकच प्राणी असल्यासारखं त्या माणसाला मागे रेटायचं. दोघांच्या कमरांमध्ये फट राहता कामा नये. तो माणूस हलला की दोघांपैकी एकाने त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरवर जायचं. कोणी सुटायचं हे आधी ठरलेलं नसतं, लाइनबॅकर ज्या बाजूने येईल त्यावर ठरतं. बोलायला वेळ नसतो. सगळं दीड-दोन सेकंदांत. लवकर सुटलात तर टॅकल आत घुसतो, उशिरा सुटलात तर लाइनबॅकर धावणाऱ्यापर्यंत पोचलेला असतो.

कबड्डीत कोपऱ्याची साखळी धरलेली तुम्ही पाहिली असेल. दोघांचे हात धरलेले, पण खरं काम हाताचं नसतं, जोडीदाराचं वजन कुठल्या पायावर आहे हे न बघता कळण्याचं असतं. नवी जोडी असली की चढाई करणारा बरोबर त्या दोघांच्या मधून निसटतो. इथेही तसंच. ग्रॅहम शाळेत कुस्ती खेळलेला आहे. दोन कमरांमध्ये चार बोटांची फट दिसली की तो त्यात खांदा घालतो, खाली बसतो आणि मग दोघांनाही धरून ठेवतो. दोघांचं काम दोघे करत आहेत असं लांबून वाटतं, प्रत्यक्षात एक माणूस दोघांना अडवून बसलेला असतो.

आणि ओहायो स्टेटची जोडी त्या दिवशी नवी होती. लाइनच्या डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगनविरुद्ध जायबंदी होऊन हंगामातून गेला. त्याच्या जागी शेवटी गार्ड डोनोव्हन जॅक्सनला सरकवलं. मग मिशिगनच्या सामन्याआधी दोन आठवडेही नसताना सेंटर सेथ मॅकलॉफलिनच्या टाचेची शीर सरावात तुटली. कार्सन हिन्झमन गार्डवरून सेंटरला आला, त्याच्या जागी ल्यूक माँटगोमेरी. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीच्या पाचांपैकी लेफ्ट टॅकल, लेफ्ट गार्ड आणि सेंटर, तिन्ही जागांवर वेगळी माणसं. पोरं कच्ची नव्हती. हिन्झमन आदल्या वर्षी सेंटर खेळलेला होता. जॅक्सन पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेला. पण एकमेकांच्या कमरेची सवय आठवड्यात होत नाही. कॉलेजला हंगामात आठवड्याला वीस तासच सरावाला मिळतात, त्यातही लाइनच्या दुकलीच्या वाट्याला किती येणार?

यावर तुम्ही म्हणाल, मग कोचला हे दिसत नव्हतं का? तर इथे मला थोडं थांबायचंय, कारण सामन्यानंतर मुख्य कोच रायन डे आणि ऑफेन्सचे डाव ठरवणारे चिप केली यांच्यावर जी टीका झाली ती मला अर्धीच पटते. बॉक्समध्ये सहा दिसले तर धावायचं, हे उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. मीसुद्धा तोच डाव सांगितला असता. चूक पहिल्या वेळेला झाली नाही. पाचव्या, आठव्या, बाराव्या वेळेला झाली, जेव्हा समोर दिसत होतं की हे सहा म्हणजे नेहमीचे सहा नाहीत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावाच्या शाळेशी सामना होता. आमच्याकडे त्या सामन्याला दिवाळीचं महत्त्व. त्यांचा मधला टॅकल जबरदस्त होता आणि मला त्याच्यावरूनच धावायचं होतं, कारण आठवडाभर पोरांना मी तेच सांगत आलो होतो की तुम्ही त्याला हलवू शकता. पूर्वार्धभर मी मुख्य कोचच्या कानाशी लागून मधलाच डाव मागत राहिलो. मध्यंतरात आमचा सेंटर बाकावर बसून हातमोजे काढत होता, बोटं सुजलेली. तो वर न बघता म्हणाला, "कोच, मी त्याला हलवत नाहीये." त्या पोराला ते म्हणायला किती जड गेलं असेल हे मला आजही टोचतं. जे मी चोवीस मिनिटं बघत होतो ते त्याला सांगावं लागलं. उत्तरार्धात आम्ही मधे जाणं सोडलं, कडेला झटपट पास टाकले, तेव्हा कुठे चेंडू सरकायला लागला. तो सामना आम्ही हरलो.

प्रतिस्पर्ध्याविरुद्ध असा हट्ट का होतो, याचं उत्तर ओहायो स्टेटच्या बाबतीत २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी मिशिगनने ४२-२७ असं हरवलं, धावून २९७ यार्ड काढले, एकट्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू गोल लाइनपलीकडे नेला. तेव्हापासून ओहायो स्टेटच्या मागे एक शिक्का लागला: दिसायला देखणा संघ, पण अंगाला अंग भिडलं की मऊ. पुढे २०२२ ला ४५-२३, २०२३ ला ३०-२४. तीन वर्षं सलग हरल्यावर तुम्हाला नुसतं जिंकायचं नसतं, त्यांच्याच ताकदीच्या जागी जिंकून दाखवायचं असतं. माझं मत असं की २०२४ ला ओहायो स्टेट हाच शिक्का पुसायला गेलं. जिथे ग्रॅहम आणि ग्रँट उभे होते, नेमकं तिथेच. बाजूने जाणारी मोकळी वाट असताना माणूस बंद दारावर धडका देतो, कारण त्या दाराने आधी त्याचा अपमान केलेला असतो. दडपण म्हणून तुम्ही जे विचारलंत ते मला इथे दिसतं, पोरांच्या थरथरत्या हातांत नाही.

आता पासकडे. ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकने, विल हॉवर्डने, ३३ पैकी १९ पास पूर्ण केले, १७५ यार्ड, एक टचडाउन, दोन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघाने पकडलेले पास. जेरमाया स्मिथ, त्या वर्षी कॉलेज फुटबॉलमधला बहुधा सर्वात भेदक रिसीव्हर, त्याला पाच झेलांत ३५ यार्ड. लोक म्हणतात स्मिथला बांधून ठेवलं. बांधलं, पण ते बांधता आलं ते मधल्या सहांमुळे. सातवा माणूस पुढे आणावा लागला नाही म्हणून दोन्ही सेफ्टी मागे राहिले, आणि दोन सेफ्टी मागे असले की लांबचा पास टाकायला छाती लागते. विशेष म्हणजे मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नर विल जॉन्सन त्या दिवशी दुखापतीमुळे खेळलाच नाही. म्हणजे कडेचा सर्वात चांगला राखणदार नसतानाही कड टिकली, कारण मधून मदत मिळत राहिली.

आणखी एक गोष्ट, जी एनएफएल बघणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. पण जिथून चेंडू ठेवून डाव सुरू होतो त्या हॅश मार्कांमधलं अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आणि कॉलेजमध्ये ४० फूट. त्यामुळे कॉलेजात चेंडू उजव्या हॅशवर असला की उजवीकडे ६० फूट जागा आणि डावीकडे १०० फूट. अरुंद बाजूला सीमारेषा हीच डिफेन्सचा बारावा माणूस ठरते. हुशार डिफेन्स कमी माणसं अरुंद बाजूला ठेवतो आणि वाचवलेला माणूस रुंद बाजूला देतो. लाइन जर मधे धक्का देऊ शकत नसेल तर ही १०० फुटांची बाजू वापरणं हाच उपाय असतो, आणि त्यासाठी चेंडू झटकन हातातून सुटायला हवा.

ते झालं नाही, कारण दहा यार्ड काढायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात आणि पहिल्या डाउनला मधे धावून दोन यार्ड, म्हणजे दुसऱ्याला आठ राहिले. पुन्हा धावलात तर तिसऱ्याला सहा-सात. तिसऱ्या डाउनला सहाच्या पुढे अंतर राहिलं की डिफेन्सचं राज्य सुरू. मिशिगनचे तेव्हाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचे डाव ठरवणारे, डॉन मार्टिनडेल आधी एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्समध्ये होते, आणि २०२१ पासून मिशिगनने हा डिफेन्स त्याच घराण्यातून आणलेला होता: आधी माइक मॅकडोनाल्ड, मग जेसी मिंटर, मग हे. या घराण्याची खासियत अशी की लाइनवर सहा जण येणार असं दाखवायचं आणि प्रत्यक्षात चारच पाठवायचे, पण कुठले चार हे स्नॅप झाल्यावरच कळतं. नव्या सेंटरसाठी याहून अवघड परीक्षा नाही, कारण कोण कोणाला धरणार हे स्नॅपआधी ओरडून सांगायचं काम त्याचंच.

बाकी किक हुकल्या, त्याबद्दल फार लिहीत नाही. ओहायो स्टेटच्या जेडन फील्डिंगच्या दोन किक (खांबांमधून गेली की तीन गुण) हुकल्या, दोन्ही ४० यार्डांच्या आतल्या. एकही बसली असती तरी निकाल वेगळा लागू शकला असता, हे खरं. पण ऑफेन्स का अडला याचं ते उत्तर नाही. उलट ओहायो स्टेटच्या डिफेन्सने त्या दिवशी सोन्यासारखा खेळ केला होता. मिशिगनला पासवर अवघे ६२ यार्ड दिले, दोन इंटरसेप्शन काढली. मिशिगनचा एकमेव टचडाउन आला तो आमिर हॉलने हॉवर्डचा पास पकडून जवळजवळ गोल लाइनपर्यंत नेल्यावर. शेवटी मिशिगनच्या केलेल मलिंग्जने तिसऱ्या डाउनला सहा यार्ड हवे असताना २७ काढले आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांची किक मारली. मिशिगनने मलिंग्जला ३२ वेळा चेंडू दिला, ११६ यार्डांसाठी. त्यांचाही ऑफेन्स काही फार चालला नाही, पण त्यांना फार चालायची गरजच नव्हती.

मग उपाय होता का? होता, आणि तो आपण सगळ्यांनी तीन आठवड्यांनी पाहिला, म्हणून तर मला ही हार अजून सलते. २१ डिसेंबरला प्लेऑफमध्ये त्याच मैदानावर टेनेसीविरुद्ध तीच लाइन, तोच क्वार्टरबॅक, तेच रिसीव्हर. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०, शेवटी ४२-१७, हॉवर्डचे ३११ यार्ड. मग पुढच्या फेरीत, रोज बोलमध्ये, ऑरेगनविरुद्ध ४१-२१, हॉवर्ड ३१९ यार्ड, स्मिथ सात झेलांत १८७. फक्त क्रम उलटा केला होता. आधी पास टाकून मागच्या सेफ्टींना मागेच खिळवलं, कडेच्या माणसांना कडेला ओढलं आणि मग धावले. त्याच रोज बोलमध्ये हेंडरसनने ६६ यार्डांची धाव घेतली. आधी पास टाकून मग धावणं हे ओहायो स्टेटला येत नव्हतं असं नाही. त्या एका शनिवारी त्यांनी ते मागे ठेवलं.

ग्रॅहमसारख्या माणसाविरुद्ध लाइनवाल्याकडेही हत्यारं असतात. त्याला मुद्दाम मोकळं सोडायचं, तो जोरात आत आला की दुसऱ्या बाजूच्या गार्डने आडवं येऊन बरगडीत ब्लॉक करायचा, याला ट्रॅप म्हणतात. किंवा त्याला येऊ द्यायचं आणि त्याच्या डोक्यावरून स्क्रीन पास टाकायचा, म्हणजे त्याची घाई हीच तुमची वाट होते. किंवा क्वार्टरबॅकने स्वतः धावायचं. तेव्हा चेंडू देऊन बाजूला उभा राहणारा माणूस उरत नाही आणि हिशेबात तुमचा एक वाढतो. हॉवर्ड धावू शकणारा क्वार्टरबॅक होता, ते हत्यार त्या दिवशी अधिक चालवायला हवं होतं असं मला वाटतं. ताकदवान माणसाला हलवता येत नसेल तर तो जिथे नाही तिथे खेळायचं, एवढंच.

पुढच्या वेळी मुलाबरोबर सामना बघाल तेव्हा स्नॅपच्या क्षणी चेंडूकडे बघू नका, कठीण जाईल पण नका बघू. स्नॅपआधी बॉक्समधली माणसं मोजा. स्नॅप झाला की सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड यांच्या कमरांकडे बघा. फट दिसली की धाव कुठे संपणार ते तुम्हाला समालोचकाच्या आधी कळेल. दुसऱ्या डाउनला किती यार्ड उरलेत याची मनात नोंद ठेवा. आठ-आठ, नऊ-नऊ असं सलग होत असेल तर तो ऑफेन्स संकटात आहे, गुणफलकावर काही दिसो.

आणि तुमच्या मुलाकडे २० जानेवारी २०२५ च्या अटलांटातल्या अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग असेल तर शेवटची काही मिनिटं परत लावा. नोत्र दाम मागून येतंय, ओहायो स्टेटला तिसऱ्या डाउनला ११ यार्ड हवेत. सगळे धरून चाललेत की आता वेळ संपवण्यासाठी धावतील. नोत्र दामने स्मिथवर एकच माणूस ठेवलाय, मागे मदतीला कोणी नाही. या वेळी हॉवर्डने चेंडू उंच टाकला, स्मिथने तो पकडून ५६ यार्ड काढले. २६ सेकंद उरले असताना ३३ यार्डांची किक घ्यायला जेडन फील्डिंग आला, आणि ती बसली. ३४-२३.